मधल्या बॉलची कॅप्टन

बॉल कुठेही पडो, हात तिचा वर जायचा.

उजवा हात सरळ डोक्याच्या वर आणि मूठ अर्धी मिटलेली, जणू वर एखादा दांडा आहे आणि तो तिने धरून ठेवला आहे. मग खणखणीत आवाजात, "माहा होता!" म्हणजे माझा होता, माझ्याकडून सुटला. बॉल तिच्या पायाशी पडलेला असला तर ठीक आहे. पण तो पार दुसऱ्या टोकाला, भलत्याच बाईच्या हातातून निसटून नालीकडे धावत असला तरी हात हिचाच वर. बघणाऱ्यांना वाटायचं, बाईचं काहीतरी बिनसलंय. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं होतं.

नंदनवन या भागातल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, बायकांची थ्रोबॉलची टीम झाली, तिची ती पहिली कॅप्टन. वयाने साठीला टेकलेली. अंगाने आडवी, चष्मा जाड. माझ्या आईच्या वयाची असूनही मी तिला इथे 'ती' म्हणते आहे, कारण तिला अहो-जाहो चालायचं नाही. कोणी 'तुम्ही' म्हटलं की ती मागे वळून बघायची, आणखी कोण आलं म्हणून. आम्ही सगळ्या तिला 'कॅप्टन' म्हणायचो आणि 'तू' म्हणायचो. आमच्यातल्या काही जणींनी तर स्वतःच्या आईव्यतिरिक्त कोणत्याही मोठ्या बाईला तोवर 'तू' म्हटलेलं नव्हतं.

निवृत्त होईपर्यंत ती एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होती. कन्हान, रामटेक, त्या बाजूच्या गाड्यांवर तिचं आयुष्य गेलं. तुम्हीही अशी कंडक्टरबाई पाहिली असेल. खच्चून भरलेल्या गाडीत, एका पायावर उभी राहून, पन्नास माणसांना एका आवाजात मागे सरकवणारी. तो आवाज घेऊनच ती घरी आली होती आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न तिच्या घरच्यांना पडला असावा. टीम झाली तेव्हा तो सुटला. आम्ही नेटपासून लांब उभ्या राहिलो की ती ओरडायची, "पुढं चला, पुढं चला! पुढं अख्खी जागा रिकामी आहे!" आणि आम्ही खरोखरच सरकायचो.

खेळाडू म्हणून मात्र ती आमच्यात सगळ्यांत कच्ची. हे मी प्रेमाने सांगते आहे, पण खोटं नाही सांगत. थ्रोबॉलमध्ये बॉल दोन्ही हातांनी पकडायचा आणि लगेच एका हाताने नेटवरून पलीकडे फेकायचा, एवढंच असतं. तिला दोन्हीतलं एकही धड जमत नसे. बॉल चष्म्यावर येईल या भीतीने ती पकडताना डोळे मिटायची. म्हणजे "माहा होता" हे पुष्कळदा अगदी खरंच असायचं.

टीम कशी झाली, तर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्ही चारचौघी. मोकळ्या प्लॉटवर कपडे वाळवायची दोरी बांधली, तेच आमचं नेट. एकदा कोणाचा तरी टॉवेल तिच्यावर तसाच राहिला आणि त्या सकाळी आम्ही टॉवेलवरून खेळलो. मग कुठूनसं कळलं की थंडीत शहरातल्या वस्त्यांची महिलांची स्पर्धा आहे. "जाऊ ना," कॅप्टन म्हणाली. "हरलो तं हरलो. घरी बसून काय जिंकून राहिलो आपण?"

तिची आणखी एक सवय होती. ती कोणालाच नावाने हाक मारत नसे. कंडक्टरला माणसाचं नाव कुठे ठाऊक असतं, कुठून चढला एवढंच ठाऊक असतं. तसं तिने पहिल्याच दिवशी प्रत्येकीला विचारून घेतलं, "तुझं माहेर कोणतं वं?" आणि तेच आमचं नाव पडलं. एक आर्वी, एक तुमसर, एक उमरेड. मी नाशिक. आणि माझ्या सासूबाई कन्हान.

हो, माझ्या सासूबाईही टीममध्ये होत्या. कॅप्टनने त्यांना आमच्या फाटकावर उभं राहून नुसतं आवाज देऊन देऊन बाहेर काढलं. "जय भीम! कन्हान, चला, गाडी सुटून राहिली!" सासूबाई सुरुवातीला त्या जय भीमला नुसतं "हो, हो, या" म्हणायच्या. पण 'कन्हान' ऐकलं की त्यांचा चेहरा बदलायचा. लग्नाला चाळीसेक वर्षं होऊन गेल्यावर त्यांना त्यांच्या गावाच्या नावाने कोणीतरी हाक मारत होतं. आठवडाभराने त्या साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर आल्या. मी बघतच राहिले.

आता आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं, त्याशिवाय कॅप्टन तुम्हाला कळायची नाही.

सासूबाई आणि मी कधी भांडलो नाही. अडचण तीच होती. आम्ही एकमेकींचा इतका मान राखायचो की डब्यातली शेवटची पोळी दोघींपैकी कोणीच घ्यायचं नाही आणि ती वाळून जायची. सासरे होते तोवर निभावलं. ते मध्ये बसून इकडचं तिकडे करायचे. "अगं, ती विचारते आहे, भाजी कोणती करू." "अगं, त्या म्हणतात, वांगी कर." ते गेले आणि मधला माणूसच गेला. घर इतकं शांत झालं की फ्रीजचा आवाज ऐकू यायचा.

त्यातच नवऱ्याचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं आणि आम्ही प्रताप नगरात फ्लॅट घेतला. होळीनंतर राहायला जायचं ठरलं. सासूबाई बरोबर येणार की नंदनवनच्या घरात एकट्या राहणार, हे मात्र ठरेना. नवऱ्याने त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तुमचं तुम्ही पाहा. माझं काय." मला विचारलं तर मी म्हणाले, "आईंची इच्छा." तो म्हणाला, "मग तुम्ही दोघी ठरवा," आणि डबा घेऊन ऑफिसला गेला.

त्यांना एकटं सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण मला वाटायचं, आम्ही गेलो तर त्या सुटतील, मनासारखं जगतील. आणि मी फार आग्रह केला तर नाइलाजाने येतील. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

मैदानावरही हेच घडू लागलं. कॅप्टनने आम्हा दोघींना मागच्या रांगेत शेजारी शेजारी उभं केलं होतं. आमच्या मधोमध बॉल आला की मी थांबायची. सासूबाईंच्या पुढे हात कसा घालायचा? "आई, घ्या." त्याही थांबायच्या. "घे ना, तूच घे." आणि बॉल दोघींच्या मध्ये धप्पकन् पडायचा. मग तिकडून हात वर, "माहा होता!"

"कॅप्टन, तू तिकडे होतीस, तुझा कसा?" मी एकदा वैतागून विचारलं.

"गाडीत जो चढला तो माहा," ती म्हणाली. "कोणी पडलं तं डेपोत कोणाले विचारते? मलेच ना?"

हे बोलणं ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्याने आमच्यात काय झालं ते सांगते. आम्ही सगळ्या अशा घरांतून आलो होतो, जिथे काही सांडलं-फुटलं की पहिला प्रश्न 'कोणी केलं?' आमच्या मैदानावर त्या प्रश्नाला जागाच उरली नाही. कोणी विचारायच्या आत हात वर गेलेला असायचा. हळूहळू बायका बॉलला घाबरेनाशा झाल्या. तुमसरवाली, जी पहिल्या दिवशी बॉल आला की पदर सावरायची, ती उडी मारून बॉल पकडू लागली.

आम्हा दोघींचं मात्र जैसे थे. मग कॅप्टनने नियम केला. "मैदानात आई नाही, काकू नाही, वहिनी नाही. नाशिक, तू 'आई, तुम्ही घेता का' म्हणून राहिली, तोवर बॉल जमिनीवर बसून चहा पिते. कन्हान म्हण तिले."

मी म्हणू शकले नाही.

"बरं, तिचं नाव नको घेऊ. आपलं घे. माहा म्हण नाही तं माझा म्हण, पण जोरात म्हण. मधला बॉल कोणाचाच नसते. जी आधी ओरडली तिचा."

मी ओरडले. स्वतःलाही ऐकू येईल न येईल असं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती संध्याकाळी घरी आली. सासूबाई देवाला गेल्या होत्या. दारातूनच म्हणाली, "तुझ्या सासूले तुझा तो जांभळा पंजाबी ड्रेस पाह्यजे. साडीत धावता येत नाही म्हणते."

"मग मला सांगायचं ना त्यांनी. एकाच घरात तर राहतो."

"तेच तं! मले काहून सांगून राहिली? मी काय तुमच्या घरची टपाल पेटी आहो का?" ती खरोखर चिडली होती. "हे पहिलं अन् शेवटचं. यानंतर माझ्याजवळ निरोप द्यायचा नाही. तिनं नाही, तुनं नाही."

त्या संध्याकाळी तिच्यासमोर चहा ठेवताना माझा बांध फुटला. फ्लॅटचं सगळं तिला सांगितलं. आईंना एकटं ठेवून जायला मन धजत नाही, पण त्यांना आमच्याबरोबर यायचंच नसेल तर, असं बरंच काही. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला. आणि म्हणाली, "उद्या सकाळी लवकर ये. तुझा थ्रो डावीकडं जाते."

मला तिचा रागच आला.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही उमरेडवालीच्या ओळखीच्या एका स्कूल व्हॅनने निघालो. रविवार असल्याने ती रिकामी होती. कॅप्टन दाराशी उभी राहिली. "आर्वी, तुमसर, उमरेड, कन्हान, नाशिक," असं एकेकीला आत चढवत, सगळ्या बसल्याची खात्री करून, शेवटी स्वतः चढली आणि व्हॅनच्या पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारली. टण्, टण्. डबल बेल. "चला!" ड्रायव्हरदादा हसला आणि गाडी निघाली. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, मी गुपचूप त्यांच्या पलंगावर ठेवलेल्या माझ्या जांभळ्या ड्रेसमध्ये, ओढणी अंगभर घट्ट लपेटून. "छान दिसतोय तुम्हाला," असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तोवर गाडी मैदानाशी पोहोचली.

पहिली मॅच होती प्रताप नगरच्या टीमशी. म्हणजे ज्यांच्यात मी राहायला जाणार होते त्यांच्याशीच. त्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, पाठीवर आकडे, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक कोच. आमच्याकडे होती कॅप्टन. तिचा पहिला थ्रो पंचांच्या खुर्चीला लागला. दुसऱ्या वेळी पाय रेषेवर पडला म्हणून पॉइंट गेला, तेव्हा ती पंचांना म्हणाली, "एवढंसं तं पाऊल टेकलं ताई, कोण उतरून राहिलं?" पंच हसल्या, पण पॉइंट दिला नाही.

आम्ही वाईट हरलो. आणि कशाने हरलो ते सगळ्या मैदानाला दिसलं. त्या कोचच्या चटकन् लक्षात आलं, आणि तो बाहेरून सांगू लागला, "मागे, मध्ये टाका! त्या दोघींच्या मध्ये!" बॉल येत राहिले, आम्ही एकमेकींचा मान राखत राहिलो, आणि बॉल पडत राहिले. प्रत्येक वेळी पुढून तो हात वर जायचा. "माहा होता. माहा होता." शेवटी शेवटी मला तो हात बघवेना.

मॅच संपल्यावर आर्वीवाली म्हणाली, "कॅप्टन, या दोघींना वेगळं करू. एक पुढे, एक मागे." ते बरोबरच होतं. मी मान खाली घातली. सासूबाईंनीही.

"नाही," कॅप्टन म्हणाली. "जिथं आहे तिथंच."

"अगं, पण हरू की पुन्हा!"

"हरू. पण वेगळं नाही करत मी या दोघीईले."

एवढ्या ठामपणे तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी कडुनिंबाखाली आम्ही डबे उघडले. सासूबाईंनी पाटवड्या केल्या होत्या. कॅप्टन आम्हा दोघींच्या मध्ये बसली होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "नाशिकले अजून पाटवडी पाह्यजे का विचार बरं." मी तिला म्हणाले, "आईंना सांग, मला पुरे." कॅप्टनने हातातली पाटवडी तोंडात टाकली, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी मध्ये बसली की तुम्ही माझ्यासंगच बोलता. मी जातो तिकडं."

ती गेली आणि मध्ये फक्त डबा उरला. आम्ही दोघी समोरच्या मैदानाकडे बघत बसलो. सासूबाई म्हणाल्या, "तिकडं फ्लॅटवर नळाले पाणी येते का वं दिवसभर?"

"येतं म्हणतात," मी म्हणाले.

पुढे काही बोलायच्या आत आमच्या टीमचा पुकारा झाला.

दुसरी मॅच कन्हानच्या टीमशी होती. धिप्पाड, हसऱ्या बायका. इथे आमची वेगळीच फजिती झाली. सासूबाई सर्व्हिसला उभ्या राहिल्या आणि नेटपलीकडच्या एका मुलीकडे बघून म्हणाल्या, "तू नदीकडच्या गल्लीतल्या शिंपिणीची नात ना वं?" ती "हो आजी" म्हणाली आणि सासूबाईंनी तिला बॉल असा अलगद टाकला, जसा आपण पाहुण्यांच्या ताटात लाडू ठेवतो.

"कन्हान!" कॅप्टन गरजली. "माहेरचा पाहुणचार मॅच संपल्यावर!"

सगळं मैदान हसलं. पलीकडच्या बायकाही हसल्या. पण त्यानंतर सासूबाईंचे थ्रो सणसणीत जाऊ लागले. गुण चढत गेले. त्यांचे चढले, आमचेही चढले, आणि बरोबरी होत होत एक वेळ अशी आली की आता एक बॉल आणि मॅच आमची.

तो बॉल उंच आला. उन्हात आला. आणि आला तो नेमका मागे, आमच्या दोघींच्या मध्ये.

मला अजून दिसतं. सासूबाईंचे दोन्ही हात वर गेले आणि अर्ध्यातच थांबले. माझ्यासाठी थांबले. माझे पायही थांबले होते. जसे रोज स्वयंपाकघराच्या दारात थांबायचे तसेच. समोर कॅप्टन पाठमोरी उभी होती. तिचा उजवा हात खाली होता, पण तो आता वर जाणार हे मला ठाऊक होतं. आणि ते मला एकदम सहन होईना. पुन्हा तिने आमची चूक अंगावर घ्यायला नको, असं वाटलं.

"कन्हान, सरका! माझा!"

असा आवाज माझ्या घशात होता हे मलाच माहीत नव्हतं. सासूबाई झटक्यात बाजूला झाल्या. बॉल माझ्या छातीवर आदळला, मी तो दोन्ही हातांनी आवळला आणि जसा जमला तसा फेकला. डावीकडेच गेला. पलीकडे दोन बायका त्याच्याकडे धावल्या, एकमेकींकडे बघून थबकल्या, आणि बॉल त्यांच्या मध्ये पडला.

मग पुढून हात वर गेला. उजवा, सरळ, अर्धी मूठ मिटलेली. "माहा होता!" सवयीने. पंच गोंधळल्या आणि आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलो. त्या गोंधळात सासूबाईंनी माझा दंड धरला. "एवढ्या जोरात ओरडता येते का वं तुले?" असं म्हणाल्या आणि दंड सोडलाच नाही.

त्या स्पर्धेत आमचं एवढंच एक जिंकणं. कप प्रताप नगरने नेला.

घरी आलो, चहा टाकला. सासूबाई तशाच, जांभळ्या ड्रेसमध्ये, ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. हात-पाय दुखत होते आणि कानात अजून मैदान होतं. म्हणूनच बोलू शकले असेन.

"आई, तुम्ही आमच्याबरोबर यायचं आहे प्रताप नगरला. मी विचारत नाही, सांगते आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाही येत."

मी साखरेचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"माझी टीम इथं आहे," त्या म्हणाल्या. "त्या निळ्या टी-शर्टवाल्यांत जाऊन खेळू का मी आता?" मग चहाच्या भांड्याकडे बघत, हळू आवाजात, "अन् तू काहून जाऊन राहिली? तुले कोण जा म्हटलं?"

"तुम्हीच म्हणालात, तुमचं तुम्ही पाहा."

"मंग काय म्हणू? कमावत्या पोराच्या बायकोले थांब म्हणू? कोण्या तोंडानं?"

"म्हणा ना."

चहा उकळत होता. कोणीच गॅस कमी केला नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "जाऊ नको."

मी रडले. सांगायला कसली लाज? त्या घरात इतकी वर्षं राहून मी तिथे हवी आहे असं मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि त्यांनी माझ्याच ओढणीने माझे डोळे पुसले. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "म्हणजे रोज अख्खं शहर मीच पार करायचं का?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "हो!"

फ्लॅट भाड्याने दिला. नवरा अजून कुरकुरतो, पण जातो.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी कॅप्टनला हे सगळं धापा टाकत सांगितलं. ती चष्मा पुसत होती. तिला जराही नवल वाटलं नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुला माहीत होतं? आईंनी तुला सांगितलं होतं?"

"तुझ्याही आधी. सून गेली तं घर खायला उठन म्हणे. अन् मी घरी आली तं तू रडून राहिली. दोघीईचं एकच."

"मग सांगितलं का नाहीस गं! एका वाक्याचं काम होतं."

"मी सांगितलं असतं, तं तुम्ही दोघीईनं मले थँक्यू म्हटलं असतं," तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "एकमेकीईले काय म्हटलं असतं? चल, पुढं सरक. पुढं जागा आहे."

मी तिचे आभार मानायला गेले तर तिने बॉल माझ्या अंगावर फेकला. ते राहून गेलेलं मी इथे म्हणते आहे. माझ्या घरात आज आवाज आहेत, भांडणंसुद्धा आहेत, आणि ते तिच्यामुळे आहेत. एखाद्या माणसाजवळ आपल्या मनासारखी बातमी असावी, दोन्हीकडची असावी, ती सांगून मोठेपणा मिरवायची संधी असावी, आणि त्याने गप्प बसून आपल्याला नुसतं शेजारी शेजारी उभं करावं, असं माझ्या तरी पाहण्यात दुसरं कोणी नाही.

तिचा हात आमच्या घरातही शिरला. दूध उतू गेलं की आता आम्ही 'कोण होतं गॅसजवळ' असं विचारत नाही. जी आधी बघेल ती हात वर करते. एकदा सासूबाई पार अंगणात होत्या, दूध आत उतू गेलं, तरी त्यांनी तुळशीजवळून हात वर केला. होळीपर्यंत फाटकावर "जय भीम" आधी त्यांचाच यायला लागला होता, कॅप्टनने तोंड उघडायच्या आत.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच गेली. आदल्या सकाळी प्लॉटवर चिखल होता म्हणून आम्ही खेळलो नव्हतो, नुसत्या दोरीखाली उभ्या राहून गप्पा मारल्या होत्या. तिच्या घरी बुद्धवंदना झाली तेव्हा आम्ही सगळ्या टीम म्हणून बसलो होतो, पांढऱ्या साड्या नेसून. सासूबाई तिच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि आम्हालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "जय भीम, कॅप्टन." मग बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि उठेचनात.

थंडीत पुन्हा स्पर्धा आली. जायचं की नाही यावर फार बोलणं झालं नाही. त्या सकाळी तीच स्कूल व्हॅन आली, तोच ड्रायव्हर. आम्ही एकेक करून चढलो. दाराशी उभं राहून 'डोकं सांभाळ' म्हणत चढवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची डोकी दारातच आपटली. दाराजवळची तिची जागा आम्ही न ठरवता रिकामी ठेवली. सगळ्या बसलो. गाडी सुरू होती, पण निघत नव्हती. ड्रायव्हरदादा आरशातून बघत होता. त्यालाही ते दोन ठोके आठवत असावेत.

"निघायचं का?" त्याने विचारलं. आणि मग जरा चाचरत, "कॅप्टन कोण आहे आता?"

आर्वीने तुमसरकडे पाहिलं. तुमसर खिडकीबाहेर बघू लागली. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न आमच्या दोघींच्या मधोमध येऊन पडत होता.

मी हात वर केला. उजवा, सरळ. वर खरोखरच व्हॅनचा दांडा होता, तो मी धरला.

"मी," मी म्हणाले. "आर्वी, तुमसर, उमरेड, कन्हान. सगळ्या आहेत, दादा."

माझा एक हात दांड्याला होता, दुसऱ्यात बॉलची पिशवी. तेव्हा सासूबाई माझ्या अंगावरून वाकल्या, खिडकीबाहेर हात काढला आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.